धरेला मिठी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. कन्नड, माळावरची खोली.

आजपासून रोजनिशी. वैमानिक लॉगबुक ठेवतात, पण लॉगबुकात भावनेला रकाना नसतो. म्हणून ही वही वेगळी.

संकल्प: २६ जानेवारीला एकट्याने विमान उडवायचं आणि दहावीच्या बॅचसमोर एकट्याने उतरवायचं. यंदाचं स्नेहसंमेलन आपल्याच माळावर आहे. झेंडावंदन, मग माझं लँडिंग, मग भरीत-भाकरी. ग्रुपवर जाहीर करून टाकलं. 'सोलो' हा शब्द मुद्दाम इंग्रजीत टाकला, सांडूला झोंबावा म्हणून. सांडू शाळेत कवितापाठांतरात दरवर्षी पहिला यायचा आणि मी दुसरा. पन्नासच्या वर वर्षं झाली त्याला. मी केव्हाच विसरलो आहे.

विमान गोकुळचं. गोकुळ म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, पोराला मीच वाढवलं, निम्मं मराठीचं पुस्तक त्याच्याकडून पाठ करून घेतलं. तरी इंजिनियर झाला. आता वाळूजची नोकरी सोडून, शिकवायचं लायसन्स काढून, होतं नव्हतं ते घालून त्याने हे दोन सीटचं हलकं विमान आणलंय. इवलंसं, पांढरं. आमच्या म्हशीहून हलकं. जूनपासून त्याला इथे फ्लाइंग स्कूल काढायचं आहे. धावपट्टी माझ्या जमिनीवर. मी भाडं घेत नाही. फक्त मला शिकवायचं, एवढीच अट.

पहिला धडा. वर गेल्यावर काय सांगू! कारखान्याचा धूर, उसाच्या गाड्या, घाटाची निळी कड. चौथीच्या पुस्तकातलं चित्रच. मी शीळ घातली. उतरताना जमीन अपेक्षेपेक्षा लवकर आली. गोकुळची जीभ दाताखाली सापडली. रक्त बऱ्यापैकी. मला काही झालं नाही.

लँडिंग: उत्तम. किंचित ठळक.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

गोकुळची जीभ सुजली आहे. खुणांनी शिकवतो. मी आयुष्यभर मास्तरकी केली. बोलणं बंद असलेला शिक्षक सगळ्यात चांगला, असं माझं मत होत चाललं आहे.

विमानात दोघांपुढेही स्टिक, म्हणजे विमान हाकायचा दांडा, असते. त्याने जमिनीवर काडीने लिहून दाखवलं की मी 'सोडा' म्हटलं की तुम्ही हात काढायचा, त्याच क्षणी. मी त्याला आपल्या घरची रीत सांगितली. मोठ्यांच्या हातातून कधी काही हिसकायचं नाही, मागून घ्यायचं. माझ्या वडिलांच्या हातातला अडकित्ता आम्ही भाऊ कसे दोन्ही हात पुढे करून मागायचो, तेही सांगितलं. गोकुळने काडी मोडून टाकली. मग मान हलवली.

पोराचे संस्कार चांगले आहेत. माझेच आहेत.

रविवार, १६ नोव्हेंबर.

प्रगती. आज एका फेरीत तीन लँडिंग केली. इतरांना त्यासाठी तीन फेऱ्या माराव्या लागतात.

झालं असं. पहिल्यांदा टेकलो तेव्हा विमान उसळलं. उसळलेल्या गोष्टीला खाली दाबावं हे कोणीही सांगेल, बैल असो की नववीचा वर्ग. मी स्टिक पुढे दाबली. ते अजून उसळलं. मी अजून दाबली. गोकुळ म्हणत होता, नाना, कंट्रोल देता का जरा. मी म्हटलं, थांब, होतंय. तो म्हणाला, नाना, लई झालं, द्या की. तिसऱ्यांदा तो दोन्ही हात पुढे करून मागत होता. त्यामुळे त्याचे हात कुठे धरलेले नव्हते. त्यामुळे तो तोंडावर पॅनेलवर गेला. नाक. नळ सोडल्यासारखं रक्त. होकायंत्र भरलं.

डाव्या चाकाचा टायर फुटला. तो जुनाच असावा.

नंतर गोकुळ नाकात कापूस घालून म्हणाला की विमान उसळलं तर दाबायचं नसतं, पॉवर देऊन सरळ पुन्हा वर निघून जायचं आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा. म्हणजे उतरायला आलेल्याने परत फिरायचं. पाहुणा दारातून परत पाठवण्यासारखं. मला पटलं नाही.

मला खरचटलंसुद्धा नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर. सिडको, घर.

सौ.ने व्हिडिओ कॉलवर गोकुळचं नाक पाहिलं. मोबाइल ठेवून स्वयंपाकघरात गेली. बाहेर येऊन म्हणाली, त्याच्या बापाची एवढी एकच खूण राहिली होती त्याच्या तोंडावर, तीपण तुम्ही चेपलीत. मी म्हणालो, किंचित डावीकडे होतं, सरळ झालं. त्यावर तिच्या हातातली पळी भिंतीवर आपटली. भागूबाई हे नाव तिला शोभतं. लोक भित्र्याला भागूबाई म्हणतात; आमच्या भागात वाघिणीलाही हेच नाव ठेवतात.

दुपारी झोपेत उपाय सुचला. माझ्या उतरण्यात दोष एकच, वेळ चुकते. जमिनीजवळ आलं की नाक हळूच उचलायचं, त्याला फ्लेअर म्हणतात. केव्हा उचलायचं हे गोकुळ नजरेने सांगतो. नजर हे काही माप नाही. माप वृत्ताला असतं! लघु-गुरू कधी चुकतात का? शाळेत असताना मी भुजंगप्रयातात सायकल चालवायचो, चढावर दम लागायचा नाही.

लगेच दोन ओळी केल्या:

धरेला पुन्हा मी मिठी मारताना
मनाचा जरा तोल जाई सुखाने

पट्टीच्या टोकावर आलो की 'धरेला', आणि 'मिठी'ला स्टिक मागे. बाकीची ओळ चाकं टेकताना. जगात कोणाला सुचलं नसेल. सांडूला तर नाहीच.

रविवार, २३ नोव्हेंबर.

काव्य म्हणून प्रयोग निर्दोष. विमानात किरकोळ बिघाड.

सावकाश लिहितो. पट्टीच्या टोकावर आलो. 'धरेला' म्हटलं. आमच्या गुरुजींनी कविता डोळे मिटून म्हणायला शिकवली होती; उघड्या डोळ्यांनी शब्द दिसतात, मिटलेल्या डोळ्यांनी अर्थ, असं ते म्हणायचे. ती सवय हाडात गेलेली. 'मिठी'ला स्टिक मागे ओढली आणि डोळे उघडले तेव्हा जमीन अजून घराच्या उंचीवर होती. वेग संपलेला. मग विमान पोत्यासारखं पडलं. नाकाचं चाक मोडून आत गेलं, पुढचा पंखा जमिनीत घुसला, आणि पंख्याचा एक तुकडा सुटून तडक पट्टीच्या कडेच्या कडुलिंबाच्या खोडात रुतला. सोनाजी त्याच लिंबाला टेकून बसला होता. मुंडाशाच्या वर बोटभर.

सोनाजी आमचा मेंढपाळ. त्याची मेंढरं पट्टीवरचं गवत खाऊन बारीक ठेवतात, बदल्यात तो माळावर राहतो. माणूस शांत. आज मात्र तो उठून लिंबाच्या पलीकडे जाऊन बसला. त्याची बायको बानाबाई ओरडत आली. म्हणाली, आतापस्तोर आभाळातनं गारा पडायच्या, आता फळ्या पडाया लागल्या व्हय. मग गोकुळकडे वळून म्हणाली, त्या म्हाताऱ्याला गाईला घालतेत तसं दावं घाल रे बाबा.

गोकुळचं कपाळ फुटलं. त्याने मला फक्त एवढंच विचारलं की नाना, तुमी डोळे मिटले होते का. मी म्हणालो, अर्थासाठी.

तो पंख्याच्या उरलेल्या खुंटाला हात लावून उभा राहिला.

शनिवार, ६ डिसेंबर. सिडको.

विमान दुरुस्तीत. सुदर्शन, म्हणजे आमचे चिरंजीव, वाळूजची शिफ्ट संपवून शनिवार-रविवार गोकुळला मदत करायला जातो. मला नेत नाही. गाडीत जागा नाही म्हणतो. मागची सीट पूर्ण रिकामी असते.

ग्रुपवर सांडूचा मेसेज: "नाना, ऐकतो की विमानापेक्षा तुझं लँडिंग जड आहे." खाली हसण्याची चित्रं. एकाने लिहिलं, हेल्मेट घेऊन यायचं का? मी उत्तर दिलं: "२६ जानेवारी. डोळ्यांनी बघा."

डोळे उघडे ठेवून कविता म्हणायचा सराव सुरू केला. आरशासमोर. कठीण आहे. दोन ओळींनंतर पाणी येतं.

रविवार, १४ डिसेंबर. संध्याकाळ, ४.३०.

आजचं लँडिंग आजवरचं सर्वांत मऊ. डोळे उघडे. 'मिठी' बरोबर जमली. गोकुळचा श्वास मोकळा झालेला मी ऐकला.

फक्त ते पट्टीच्या शेवटच्या टोकाला झालं, त्यामुळे पुढे पट्टी शिल्लक नव्हती.

गोकुळ म्हणाला, ब्रेक. मी म्हणालो, अरे मऊ झालं की नाही ते आधी सांग. इतक्यात आम्ही शेजारच्या उसात. ऊस म्हणजे आत शिरल्यावर तलवारीच असतात. तोडकरी कोयते टाकून पळाले. एक दांडा गोकुळच्या बाजूची खिडकी फोडून आला आणि बरगडीत बसला. कन्नडच्या दवाखान्यात पट्टा बांधला. एक बरगडी गेली आहे म्हणे. हसू नका, शिंकू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी गंमत केली, की याला शिंकू नको सांगण्यापेक्षा मला उडू नको सांगा. डॉक्टर म्हणाले, तेच सांगायचं होतं, पण पेशंट हे आहेत.

उसाचा पाला माझ्या कानामागे लागला. खाज सुटली. एवढंच.

विमानाचा रंग गेला, पंख शाबूत. माझ्या मते हे लँडिंग मोजायला हवं. गोकुळच्या मते नाही. तो पट्टीचा हिशेब लावत बसतो. कवीला शेवटच्या ओळीची लांबी कोणी विचारत नाही.

रविवार, २१ डिसेंबर.

उड्डाण नाही. गोकुळने नाही म्हटलं. बरगडी हे कारण.

मग खोलीच्या आतून म्हणाला, नाना, माझ्याकडं हे एकच इमान आहे. जूनमधी पोरं येणार शिकायला. त्यांना दाखवायला ते उभं तरी पायजे. मी म्हणालो, म्हणूनच तर. तुझा पहिला विद्यार्थी सोलो झाला की जाहिरात आपोआप. तो म्हणाला, नाना, तुमी नका होऊ जाहिरात.

मी मनाला लावून घेतलं नाही. बरगडीचं दुखणं माणसाला बोलायला लावतं.

त्याला मी लहानपणी खांद्यावर घेऊन हा माळ दाखवायचो, त्याची आठवण करून दिली. त्याने बरगडीचा पट्टा आवळला. पुढच्या रविवारी एक फेरी, असं कबूल केलं.

रविवार, २८ डिसेंबर. दुपार.

आज अपघात झाला. खरा.

मी सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी विचारलं तर आठवण शाबूत हवी. वारा बाजूने होता. विंडसॉक, म्हणजे ती खांबावरची कापडी बाही, आडवी झालेली. विमान हवेतच पट्टी सोडून सोनाजीच्या मेंढवाड्याकडे सरकत होतं. मी शांत होतो. 'धरेला' म्हणायला तोंड उघडलं. गोकुळ म्हणाला, नाना, द्या. मी म्हणालो, ओळ मधे तोडू नकोस. तो म्हणाला, नाना, वारा, द्या हो. मग अचानक, माझ्या कानाशी, सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला: सोड रे म्हाताऱ्या!

सोड. रे. म्हाताऱ्या.

त्याने माझ्या मनगटावर फटका मारला आणि स्टिक हिसकली. घरातल्या कोणीही, कधीही, माझ्या हातातून काही हिसकलेलं नाही. मी धक्क्याने स्टिक सोडायच्या ऐवजी आवळली. दोघांची ओढाओढी झाली. विमानाला कोणाचं ऐकावं कळेना. उजवा पंख टेकला, विमान भोवऱ्यासारखं गरगरलं, दार निखळून गेलं. गोकुळचा उजवा हात दार आणि सीटच्या मधे सापडला. कोपराच्या खाली हात वाकू नये तिथे वाकला. ते हाड मी पाहिलं.

मला काही नाही. मनगट मात्र लाल आहे. त्याचा फटका बसला तिथे.

मोठ्या माणसाला 'म्हाताऱ्या'. माझी झोप गेली आहे.

मंगळवार, ३० डिसेंबर. सिडको.

गोकुळच्या हातात प्लेट घातली, वर प्लास्टर. सुदर्शन दवाखान्यातून आला आणि त्याने दाराला लाथ घातली. आपल्याच घराचं दार. बिजागरी सैल झाली. म्हणाला, बाबा, तुम्ही त्याला मारूनच थांबणार का. मी म्हणालो, आधी त्याने माफी मागावी. सुदर्शन म्हणाला, कशाची? मी म्हणालो, 'रे'ची. तो हसायला लागला, मग हसता हसता भिंतीवर मूठ मारून घेतली. रक्त आलं. या घरात आजकाल सगळ्यांना रक्त येतं, मला सोडून.

संध्याकाळी गोकुळचा फोन. गळ्यात हात अडकवलेला असल्याने सौ.ने दवाखान्यात त्याच्या कानाशी फोन धरला होता. तो म्हणाला, नाना, चुकलं माझं, तसं बोलाया नको होतं. मी म्हणालो, बाळ, झालं गेलं विसरलो. आणि पुढच्या सरावाची तारीख विचारली.

फोन सौ.ने कापला.

रविवार, ११ जानेवारी २०२६.

गोकुळचं पक्कं ठरलंय. नाही. 'सोलोचे तुमचे कागद झालेले नाहीत आणि होणारही नाहीत.' हे वाक्य तो सरकारी मराठीत बोलला, म्हणजे पाठ करून आला असावा.

विमान पुन्हा जोडतायत. सुदर्शन आणि एक मेकॅनिक राबतात, गोकुळ एका हाताने पाने देतो. मी खुर्चीवर बसून सूचना देतो. कोणी घेत नाही.

विमानाची चावी गोकुळने सौ.कडे ठेवायला दिली. तिने ती तांदळाच्या डब्यात लपवली. गेली कित्येक वर्षं ती माझ्यापासून लाडू, मोबाइल आणि मधुमेहाचा रिपोर्ट त्याच डब्यात लपवत आली आहे.

ग्रुपवर सगळ्यांचं येणं पक्कं. सांडू म्हणतो, "लँडिंग झालं नाही तर मी कविता म्हणेन." त्याने ती पाठही करून ठेवली असेल. त्याला सगळं पाठ असतं.

सोमवार, २६ जानेवारी. सकाळ, ७.१५.

हवा नितळ. वारा पडलेला. कारखान्याचा धूर सरळ उभा. मांडव पट्टीच्या कडेला, निळं कापड. एका बाजूला चूल मांडून बानाबाई भाकरी थापतेय. सांडू पांढऱ्या झब्ब्यात. गोकुळ डाव्या हाताने झेंड्याची दोरी बांधतोय.

चावीला अजून दोन तांदूळ चिकटलेले आहेत. शुभशकुन.

गुरुवार, २९ जानेवारी. सिडको.

सोलो झाला. पहिल्यांदा हे लिहून ठेवतो, कारण लोक भलतंसलतं बोलतायत. एकटा चढलो, एकटा उतरलो. सोलोची व्याख्या हीच.

मी विमानात चढलो तेव्हा सगळे झेंड्याकडे बघत होते. वर गेलो तेव्हा सगळे माझ्याकडे. एवढ्या उंचीवरूनही सांडूचं तोंड उघडं दिसलं असावं. रेडिओवर गोकुळचा आवाज आला. घाबराघुबरा. अभिमानाने माणसाचा आवाज असाच होतो. म्हणाला, नाना, घाई नाय. पेट्रोल भरपूर हाय. मी सांगतो तसं करा. डावीकडं वळा. मी वळलो. नाना, छान. आता मांडव सोडून पट्टीकडं बघा. पट्टीकडं, नाना. मग मागून सौ.चा आवाज, रडका. कविता सुचेना अशी गडबड. मी रेडिओ बंद केला.

पट्टीच्या टोकावर 'धरेला' म्हटलं. डोळे उघडे होते, हे मी शपथेवर सांगतो. पण पाण्याने भरले होते. वर एकटा असताना कोणाचेही भरतात. 'मिठी'ला ओढलं. फार उंचावर. विमान डाव्या अंगावर पडलं, डाव्या चाकाखाली सोनाजीचा एडका आला, आणि तिथून आम्ही तडक मांडवात.

पंखाने मांडवाचे बांबू काकडीसारखे छाटले. एक बांबू सांडूच्या तोंडावर. त्याची कवळी भरिताच्या पातेल्यात सापडली, दुसऱ्या दिवशी. लोक पाटावरून, सतरंजीवरून, एकमेकांच्या अंगावरून पळाले. आमच्या वर्गाचा मॉनिटर खड्ड्यात पडला, पाय मोडला. पातेलं उलथलं. विमान चुलीवर जाऊन थांबलं.

पेट्रोल कुठून तरी गळत होतं. चूल पेटलेली होती.

पुढचं मला थोडं थोडं आठवतं. माझा सीटचा पट्टा निघेना. गोकुळ ज्वाळेतून आत आला, गळ्यातली झोळी जळालेली, प्लेट घातलेल्या हाताने माझी कॉलर धरून ओढत होता. त्याचं प्लास्टर तडकलं तो आवाज आगीतही ऐकू आला. बानाबाईने विळ्याने पट्टा कापला. दोघांनी मला बाहेर फरफटत आणलं. मी शाबूत आहे हे बघितल्यावर बानाबाईने विळा टाकला, काठी घेतली आणि मला मारायला सुरुवात केली. पाठीवर, पायांवर, जिथे बसेल तिथे. म्हणत होती, मुडद्या, माझा एडका गेला, ते लेकरू जळलं आन् तू कविता म्हणतो व्हय? मी खरंच म्हणत होतो. दुसरी ओळ राहिली होती.

तिला कोणी अडवलं नाही. सौ.सुद्धा उभी होती. सोनाजी म्हणाला, बाने, डोक्यावर नको.

विमान जळत राहिलं. हलकं विमान पटकन जळतं. शेवटी उरलं इंजिन आणि चाकांच्या तीन काळ्या कड्या. गोकुळ तिथेच उभा होता, केस जळलेले, हात छातीशी धरलेला. मी जवळ जाऊन म्हणालो, बघ, ओढायची जागा 'मिठी'वरून जरा पुढे न्यायला हवी, 'मारताना'वर. तो खाली बसला आणि ओकला.

वैमानिक अपघाताचं विश्लेषण लगेच करतात. चुकलं काय त्यात?

शुक्रवार, ६ फेब्रुवारी.

चौकशीची माणसं येऊन गेली. गोकुळने जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पुतण्या म्हणून थोडं कमी सांगता आलं असतं.

ग्रुपवर लिहिलं, "पुढच्या वर्षी पुन्हा." थोड्या वेळाने बघितलं तर ग्रुप दिसेना. मोबाइल बिघडला असावा. सुदर्शनला दाखवला. तो म्हणाला, मोबाइल ठीक आहे, बाबा.

पाठीवर काठीचे वळ. सौ.ने तेल लावलं नाही. स्वतः लावता येत नाही, हात पोचत नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. माळ.

पट्टीवर गेलो होतो. मेंढरं चरतायत. जळालेल्या जागेवर गवत अजून नाही. बानाबाईने मला बघून काठी उचलली. मी लांबूनच नमस्कार केला.

मनाशी ठरवलंय. गोकुळचा हात बरा झाला की नवं विमान. माझ्या नावावरची उरलेली जमीन विकू. स्कूल होणारच. नाव मीच सुचवणार. या खेपेला मी मालिनी वृत्त घेणार. त्यात थांबा मोठा आहे.

रविवार, १ मार्च. सिडको. सकाळ.

गोकुळ आला. हातावर जळल्याचे गुलाबी डाग, कोपर पूर्ण सरळ होत नाही, पण उडवता येतं म्हणाला. एका फ्लाइंग क्लबात शिकवायची नोकरी लागली आहे. आजच निघतोय. खाली सुदर्शनची गाडी उभी होती, बॅग आधीच ठेवलेली.

मी जमिनीचं सांगितलं, नवं विमान, मालिनी. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, नको, नाना.

मी म्हणालो, बरं, क्लब कुठे आहे? येऊन बघतो एकदा. तो म्हणाला, लांब हाय. मी म्हणालो, म्हणजे कुठल्या गावी? तो चपला शोधायला लागला. मी सौ.ला विचारलं, तुला माहीत आहे का. ती पदराने डोळे पुसत होती, म्हणाली, मला माहीत आहे. मी म्हणालो, मग सांग. ती आत गेली. सुदर्शनला विचारलं. तो जिना उतरायला लागला.

मी गोकुळला म्हणालो, बाळ, मी वाढवलंय तुला. तो म्हणाला, व्हय, नाना. म्हणूनच सांगत नाय.

मग वाकला. एक हात जमिनीवर टेकत नाही त्याचा, तरी वाकला. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. डोक्यावर जळलेल्या जागी केस नव्हते. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वादाला ओळ शोधू लागलो. आयुष्यभर पाठ केलेल्या शेकडो ओळी. एकही आली नाही.

सुखरूप उतर, एवढंच म्हणालो.

तो म्हणाला, आता उतरतो, नाना.